खान अकॅडमी मराठीत : जिल्हा परिषदेच्या चौथी-पाचवीच्या वर्गातून

आधी निकाल सांगून टाकते. खान अकॅडमी या मोफत शैक्षणिक संकेतस्थळावरचं मराठी गणित चौथी-पाचवीच्या मुलांना सरावासाठी जरूर द्या. पहिली-दुसरीला देऊ नका. आणि टॅब वाटून झाल्यावर शिक्षक मुलांजवळ थांबू शकणार नसेल, तर कुठल्याच इयत्तेला देऊ नका.

मी जुन्नर तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली ते तिसरी सरांकडे, चौथी आणि पाचवी माझ्याकडे, एकाच खोलीत. दहा टॅब गावाने दिले. यात्रेची वर्गणी हिशेब होऊन उरली होती, तिच्यात मुंबईला नोकरीला असलेल्या गावकऱ्यांनी भर घातली आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत टॅब घ्यायचं ठरलं. बैठकीत जो तो म्हणत होता, आता आपली मुलं पुढे जातील. मला मात्र त्यांना आधी मागे न्यायचं होतं.

पाचवीच्या पुस्तकात अपूर्णांकांची बेरीज आहे, दशांश अपूर्णांक आहेत, कोन आहेत. माझ्या पाचवीत एक मुलगा शिष्यवृत्ती परीक्षेची जुनी पत्रिका स्वतःहून सोडवत बसतो. त्याच्या शेजारचा हातच्याची वजाबाकी आली की पेन्सिल खाली ठेवतो. दोन मुलींना तीन अंकी संख्येतला दशक कोणता हे विचारलं तर त्या एकमेकींकडे बघतात. हे आमच्याच शाळेत आहे असं नाही. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ३०.७ टक्केच मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. बाकीच्या मुलांच्याही हातात पाचवीचंच पुस्तक असतं आणि फळ्यावर पाचवीचाच धडा चालू असतो. शिक्षक कितीही जीव तोडून शिकवू दे, दशक-सुट्ट्यांत अडकलेल्या मुलाला दशांश अपूर्णांक कळणार नाहीत.

दरेक मुलाला त्याच्या पायरीचं गणित द्यायचं, तर एका शिक्षकाला रोज पाच-सहा वेगवेगळे पाठ काढावे लागतात. काही दिवस निभतं, मग परीक्षा, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं सुरू होतं आणि पुन्हा सगळी एका ओळीत येतात. इथे मला यंत्राची मदत हवी होती.

खान अकॅडमीबद्दल थोडक्यात. सलमान खान नावाचे गृहस्थ अमेरिकेत २००४ साली आपल्या नात्यातल्या एका बहिणीला दुरून गणित शिकवायला लागले, मग व्हिडिओ करून टाकू लागले, आणि २००८ मध्ये त्याची ना-नफा संस्था झाली. देणग्यांवर चालते. मुलांकडून आणि शिक्षकांकडून पैसे घेत नाही, मध्येच जाहिरात येत नाही. जाहिरात नसणं माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे, कारण दहा वर्षांचं मूल जाहिरातीवर बोट ठेवणारच.

शिक्षकाने आपला वर्ग तयार करायचा. मुलांना ईमेल लागत नाही, शिक्षकच नाव आणि पासवर्ड ठरवून खाती उघडू शकतो. मग कोणत्या मुलाला कोणता सराव द्यायचा ते नेमता येतं, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या साधनाची खरी किंमत इथे आहे. पाचवीच्या मुलाला दुसरीचं स्थानिक किमतीचं काम नेमलं तर त्याच्या पडद्यावर तेच दिसतं, शेजाऱ्याच्या पडद्यावर अपूर्णांक दिसतात, आणि दोघेही सारखेच मान खाली घालून काम करत असतात. वहीत हे जमत नाही. मी पाचवीच्या मुलीला दुसरीची स्वाध्याय पुस्तिका दिली होती तेव्हा तिने ती दप्तरातून बाहेर काढली नाही. टॅबवर तिने उदाहरणं सोडवायला घेतली आणि हळूच विचारलं, "बाई, हे दुसरीचं आहे ना?" मी म्हटलं, "हो, तुझं इथून सुटलंय, आपण इथूनच धरू." तिने मान हलवली आणि पुढचं उदाहरण घेतलं. चारचौघांसमोर लाज वाटायची वेळच आली नाही.

तिला किती वेळ लागतो याची कुणाला घाई नव्हती. मी कितीही सांभाळून घेतलं तरी फळ्याजवळ उभं राहिलेलं मूल वर्गाचं उसासणं ऐकतं. पडद्यासमोर तो ताण नसतो. चुकलं की चुकलं म्हणून कळतं, पुन्हा करता येतं, इशारा, म्हणजे पुढचं पाऊल सुचवणारी मदत, मागता येतो. इशारा एकदम उत्तर देत नाही, एकेक टप्पा उघडतो.

प्रगती मोजायची पद्धत मला मनापासून पटली. एका कौशल्याच्या सरावात ७० टक्के बरोबर आलं तर एक पायरी, सगळं बरोबर आलं तर त्याच्या वरची. सगळ्यात वरची पायरी मात्र त्या सरावात मिळतच नाही. तिच्यासाठी घटक चाचणी द्यावी लागते. तिथे बाकीच्या उदाहरणांत मिसळून तेच कौशल्य पुन्हा समोर येतं, आणि तिथे चुकलं तर मिळालेली पायरी खालीही येते. शिक्षकांना यातलं मर्म लगेच कळेल. हातच्याच्या वजाबाकीचं आख्खं पान दिलं की मूल न बघता प्रत्येक उदाहरणात दशक मोडतं आणि पान बरोबर येतं. आपण समजतो, आलं. मिसळून दिलं की ६८ − २५ मध्येही ते सहाचा पाच करून ठेवतं. माझ्या वर्गात सरावात पैकीच्या पैकी मिळवलेली दोन मुलं चाचणीत अशी उघडी पडली, आणि त्यामुळे पुढच्या आठवड्यात त्यांच्याबरोबर नेमकं काय करायचं ते मला कळलं.

आता "अडॅप्टिव्ह" या शब्दाविषयी, कारण हल्ली प्रत्येक शैक्षणिक ॲपच्या पाटीवर तो असतो. मूल जसं उत्तर देईल तसं पुढचं काम बदलणारं साधन, असा त्याचा अर्थ. खान अकॅडमी या अर्थाने अर्धीच अडॅप्टिव्ह आहे. झालेली कौशल्यं ती पुन्हा विचारते, कच्ची कोणती ते दाखवते. पण पाचवीचं मूल भागाकारात अडलं म्हणून आपण होऊन त्याला तिसरीच्या गुणाकारावर किंवा दुसरीच्या स्थानिक किमतीवर नेऊन सोडत नाही. ते शिक्षकाने नेमायचं. म्हणून पहिला आठवडा मी टॅब बाजूला ठेवले आणि प्रत्येक मुलाला जवळ बसवून असरच्या धर्तीची साधी चाचणी घेतली: अंक ओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार. मुलाची जागा आधी आपल्याला माहीत असली तर हे साधन उत्तम चालतं. माहीत नसताना सगळ्यांना "पाचवी" निवडून दिली, तर फळ्यावर जे होत होतं तेच पडद्यावर होईल.

माझी सगळ्यात मोठी तक्रार या एकाच साधनाची नाही. अशा प्रकारच्या जवळजवळ सगळ्या साधनांना ती लागू पडते. उदाहरण घेऊन सांगते.

५०३ − २७८. उत्तर २२५.

एका मुलाने ३७५ लिहिलं. त्याने प्रत्येक स्थानावर मोठ्यातून लहान वजा केला: आठातून तीन गेले पाच, सातातून शून्य गेला सात, पाचातून दोन गेले तीन. वरचा अंक कोणता आणि खालचा कोणता याने त्याला काही फरक पडत नाही. म्हणजे वजाबाकीत कशातून काय काढायचं, हेच त्याच्या मनात बसलेलं नाही.

दुसऱ्या मुलीने ३२५ लिहिलं. तिने एककासाठी दहा घेतले, शून्याचा नऊ केला, पण शतकाच्या पाचाचा चार करायला विसरली. तिला दशक मोडणं कळलंय, फक्त शून्य आल्यावर उसनं दोन घरं पलीकडून आणावं लागतं आणि तिथली नोंद बदलावी लागते, हे निसटलंय.

पहिल्या मुलाला काड्यांचे गठ्ठे हातात देऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. दुसऱ्या मुलीला शंभराची एक नोट सुट्टी करून दाखवली की दोन मिनिटांत कळतं. पडद्यावर मात्र दोघांनाही "चूक" एवढंच दिसतं आणि इशारे मागितले तर तेच इशारे मिळतात. यंत्रापर्यंत उत्तर पोहोचतं, उत्तरापर्यंतची वाट पोहोचत नाही. शिक्षकाला अहवालात कोणी काय उत्तर दिलं ते बघता येतं, आणि मी ते रोज बघते. ३७५ आणि ३२५ यांतला फरक ओळखायचं काम अजून माझ्याकडेच आहे.

म्हणून माझ्या वर्गात एक नियम आहे. टॅबच्या शेजारी कच्ची वही उघडी असलीच पाहिजे आणि तिच्यात मांडणी केल्याशिवाय पडद्यावर उत्तर टाकायचं नाही. हा नियम नसेल तर मुलं काय करतात तेही सांगते. पर्याय असलेल्या प्रश्नांत अंदाज मारतात. इशारे शेवटपर्यंत उघडून उत्तर उतरवून घेतात. इशारा घेतलेलं उदाहरण बरोबर धरलं जात नाही, हे त्यांच्या लक्षात आल्यावर एकजण इशारे उघडतो आणि शेजारी ते बघून आपलं सोडवतो. मुलं हुशार असतात आणि गुण मिळवायचा जवळचा रस्ता शोधणारच. कच्ची वही तपासली की सगळं कळतं. त्या वहीशिवाय पडद्यावरच्या गुणांवर मी विश्वास ठेवत नाही.

शाब्दिक उदाहरणांकडे विशेष लक्ष द्या. अहवालात एका मुलाची शाब्दिक उदाहरणं सतत चुकत होती, तीच बेरीज-वजाबाकी नुसत्या अंकांत दिली की बरोबर यायची. मी त्याला उदाहरण मोठ्याने वाचायला लावलं. त्याला "शिल्लक" शब्द वाचता येत नव्हता, जोडाक्षरावर तो थांबत होता. त्याचा अडथळा भाषेच्या तासाला दूर करायचा होता. पडद्याने तो गणिताच्या खात्यात लिहिला.

मराठी मुलांची आणखी एक अडचण पडद्यावर कधी दिसतच नाही. त्रेसष्ट म्हटलं की कानावर आधी तीन येतो, मग साठ. कच्ची मुलं ऐकून ३६ लिहितात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात "साठ तीन" असंही वाचायची पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्या वेळी हीच अडचण समजावून सांगितली होती. सरावात संख्या छापलेलीच समोर येते, ऐकून लिहायची नसते. त्यामुळे ६३ आणि ३६ चा घोळ असलेलं मूल तिथे महिनोन् महिने बरोबर उत्तरं देत राहील. त्याला इलाज एकच, रोज पाच संख्यांचं श्रुतलेखन. आमच्याकडे ते परिपाठानंतर लगेच होतं आणि त्याला टॅब लागत नाही.

मी तासाची आखणी दिल्लीतल्या एका प्रयोगावरून घेतली. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहान्द्रो गॅनिमियन यांनी तिथे माइंडस्पार्क या खऱ्या अर्थाने अडॅप्टिव्ह सॉफ्टवेअरचा अभ्यास केला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं सरकारी शाळांतली, सहावी ते नववीची. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. शाळेबाहेरच्या माइंडस्पार्क केंद्रावर जायची संधी सोडतीत मिळालेल्या मुलांच्या गणितात साडेचार महिन्यांत, ती न मिळालेल्यांपेक्षा, ०.३७ प्रमाण विचलनाइतकी (प्रमाण विचलन म्हणजे मुलामुलांच्या गुणांतल्या तफावतीचं माप) जास्त वाढ झाली, आणि शिक्षणातल्या प्रयोगांत एवढी वाढ सहसा दिसत नाही. हा आकडा सगळे सांगतात. त्या केंद्रांतल्या ९० मिनिटांचं काय व्हायचं ते फार कुणी सांगत नाही. ४५ मिनिटं मूल संगणकावर असायचं आणि उरलेली ४५ मिनिटं बारा-पंधरा मुलांच्या गटात माणूस शिकवायचा. वाढ झाली ती या दोन्हींची मिळून. तिचं सगळं श्रेय एकट्या सॉफ्टवेअरच्या नावावर टाकून शाळांना टॅब विकणं मला योग्य वाटत नाही.

माझ्याकडे ९० मिनिटं नाहीत. पण दहा टॅब असल्यामुळे वर्ग आपोआप दोन गटांत पडतो. एक गट टॅबवर, दुसरा माझ्याभोवती सतरंजीवर. अर्ध्या तासाने अदलाबदल. टॅबवरच्या गटात पुढची आणि मागची मुलं मिसळून बसवते, सतरंजीवर मात्र एकाच प्रकारची चूक करणाऱ्यांना एकत्र घेते. ३७५ वाले एका दिवशी, ३२५ वाले दुसऱ्या दिवशी. ८२४ ÷ ४ चं उत्तर २६ लिहिणारे, म्हणजे मधलं शून्य गिळणारे, तिसऱ्या दिवशी. एकपंचमांश एकतृतीयांशापेक्षा मोठा म्हणणाऱ्यांसाठी एकच भाकरी तिघांत आणि पाचांत वाटून दाखवली, पोषण आहाराच्या ताटावरच. आधी सगळा वर्ग माझ्यासमोर असायचा तेव्हा असे गट घेऊन बसायला वेळच नव्हता. हा वेळ मला टॅबनी मिळवून दिला, आणि त्यासाठी मी या साधनाची ऋणी आहे.

मुलांची प्रगती कशी आहे ते प्रामाणिकपणे सांगते. वजाबाकी आणि गुणाकारात फरक स्पष्ट दिसतो, वहीत दिसतो, मांडणी सुधारली आहे. भागाकारात बऱ्यापैकी. अपूर्णांकांत पडद्यावरची पायरी वर गेली, पण तोंडी विचारलं तर अजून डळमळतात, त्यामुळे तिथे मी सतरंजीवरचाच वेळ वाढवला आहे. शिष्यवृत्तीवाला मुलगा पुढच्या इयत्तेच्या सरावापर्यंत एकटा गेला, त्याला माझी गरज कमी लागली. हे एका वर्गाचं चित्र आहे, टॅबने किती आणि सतरंजीने किती हे मला वेगळं काढता येणार नाही.

पहिली-दुसरीला का नको, हेही सांगायला हवं. सरांनी एकदा विचारलं, आमच्या गटालाही द्या ना. त्या वयात संख्या हातांनी मोजायची असते. चिंचोके, काड्या, मणीमाळ, दहाचा गठ्ठा बांधणं, तो सोडणं. पडद्यावरचा गठ्ठा बोट लावलं की सुटतो, पण रबर काढून दहा काड्या हातात पसरल्यावर जे कळतं ते त्यातून कळत नाही. सरांना ते पटलं. तिसरीच्या दुसऱ्या सत्रापासून थोडं थोडं सुरू करायचं ठरलंय.

खर्चाचं गणित सोपं आहे. साधन फुकट, डेटा आपला. व्हिडिओ ॲपमध्ये आधी उतरवून ठेवता येतात, सरावाला मात्र नेट लागतंच. आमच्याकडे ढगाळ हवा असली की मोबाइलची रेंज जाते, म्हणून पावसाळ्यात मी आधीच कागदी सराव तयार ठेवते. इअरफोन दहा घ्यावे लागले, नाहीतर दहा व्हिडिओ एकदम बोलतात. चार्जिंगची जबाबदारी पाचवीच्या दोघांकडे दिली आहे आणि ते ती चोख पार पाडतात.

एका पालकाबद्दल लिहिल्याशिवाय थांबता येणार नाही. त्यांच्याकडे एका कंपनीचा माणूस आला होता. त्याने मुलाची पाच मिनिटांची चाचणी घेतली, मूल फार मागे आहे म्हणून घाबरवलं आणि टॅबसकट वर्षभराचं गणित हप्त्यांवर गळ्यात मारलं. कांद्याचे पैसे आले नाहीत तेव्हाही हप्ता कापला जात होता. ते मला विचारायला आले, "बाई, हे बंद केलं तर पोरगं मागं पडंल का?" मूल मागे होतं हे खरं होतं. पण त्याला जे हवं होतं ते त्या टॅबमध्ये नव्हतं. मी त्यांना खान अकॅडमीचं खातं त्यांच्याच फोनवर उघडून दिलं, शाळेतलाच पासवर्ड, आणि रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं ठरवून दिली. वडील सातवी शिकलेले आहेत. म्हणाले, "मला गणित येत नाही, मी काय बघणार?" मी सांगितलं, उत्तर बघू नका, कच्ची वही बघा, आणि प्रत्येक उदाहरणाला एकच विचारा, हे तू कसं काढलंस ते मला सांग.

पालकांनी हेच करावं. नवीन टॅब घेऊ नका, घरातला जुना फोन चालतो. सुरुवातीला मुलाच्या इयत्तेपेक्षा एक-दोन इयत्ता खालचं निवडा, ते सहज आलं तर वर जा. शिक्षकाला विचारून निवडलं तर आणखी चांगलं. आणि शिक्षकांनी अहवालातली टक्केवारी बघून झाल्यावर त्याच्या खालची चुकीची उत्तरं उघडून बघावीत. दुसऱ्या दिवशी कोणाला सतरंजीवर घ्यायचं ते तिथेच कळतं.